एम.कॉम. करून कुत्री धुते

मागच्या आठवड्यात एकाच दिवशी दोन फोन आले. सकाळी बाजूच्या बिल्डिंगमधल्या काकूंचा, "अगं दिवाळीत आम्ही आठ दिवस केरळला चाललोय, ब्रूनोला कुठे ठेवू, एखादं चांगलं डॉग होस्टेल सांग ना." आणि रात्री मावसभावाचा, याची बारावी झालीये कॉमर्समधून, "ताई मला पण तुझ्यासारखं कुत्र्यांचं करायचंय, एक कोर्स बघितलाय 15 दिवसांचा, सर्टिफिकेट इंटरनॅशनल आहे, करू का?" दोघांनाही 'सांगते' म्हणून फोन ठेवला आणि मग भांडी घासताना लक्षात आलं की अरे, या दोघांना सांगायचंय ते जवळजवळ एकच आहे. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी पुण्यात डॉग ग्रूमर आहे, म्हणजे कुत्र्यांची आंघोळ, केस, नखं हे सगळं करते, पाच वर्षं झाली. त्याआधी हिंजवडीत एका कंपनीत दिवसभर इन्व्हॉइस बघायचे, सकाळी साडेसातची बस, रात्री नऊला घरी. नोकरी सोडते म्हटल्यावर आईने एकच प्रश्न विचारला, "एम.कॉम. करून कुत्री धुणार?" बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता उत्तर दिलं, "धुऊ दे की, साहेबांची धुण्यापेक्षा बरं." आमच्याकडे विषय असेच संपतात.

पण खरी सुरुवात झाली ती गोट्यामुळे. गोट्या म्हणजे आमचा इंडी, म्हणजे देशी कुत्रा, पार्किंगमध्ये सापडलेला, एक कान उभा एक पडलेला. चुलतबहिणीच्या लग्नाला नाशिकला पाच दिवस जायचं होतं, तेव्हा पहिल्यांदा त्याला एका बोर्डिंगमध्ये ठेवला. फोटो फार सुंदर होते हो, हिरवीगार लॉन, स्विमिंग पूल, चष्मा घातलेला लॅब्राडोर. आम्ही गेटवरच पिशवी दिली, पैसे दिले, आत कोणी बोलावलं नाही आणि आम्हीही लग्नाच्या गडबडीत, गेलो नाही. लसीचं कार्ड मी मुद्दाम घेऊन गेले होते, तो मुलगा म्हणाला, "असू दे मॅडम, चालतंय." मला तेव्हा वाटलं किती चांगली माणसं, कटकट नाही काही.

आज कोणी मला 'चालतंय' म्हटलं तर मी तिथल्या तिथे कुत्रं घेऊन परत फिरेन. कारण माझ्या गोट्याचं कार्ड ज्याने बघितलं नाही त्याने बाकी वीस कुत्र्यांचं तरी कुठे बघितलं असणार? घरी आणल्यावर चौथ्या दिवशी त्याला खोकला सुरू झाला, घशात काटा अडकल्यासारखा कोरडा, ठसका लागायचा आणि शेवटी पांढरा फेस. केनेल कफ. हा हवेतून पसरतो, एक आला की पूर्ण होस्टेल खोकतं. तो कसाबसा बरा होतोय तोवर दुसऱ्या आठवड्यात ताप, जेवण बंद, हिरड्या पांढऱ्याफटक. पायाच्या बोटांच्या बेचक्यात बघितलं तर गोचिड्या. रक्त तपासलं, प्लेटलेट 40 हजार. टिक फिव्हर, म्हणजे गोचिडी चावून येणारा ताप. मग 28 दिवस डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या, रोज दोनदा, पोळीत घालून, नंतर पनीरमध्ये, नंतर कशातही नाही कारण त्याला सगळं कळलं होतं.

आता गोचिड्या तिथल्याच होत्या हे मी कोर्टात सिद्ध करू शकत नाही, पावसाळा होता, आमच्या सोसायटीच्या गवतातही असतातच. बोर्डिंगवाल्यांना फोन केला तेव्हा मला वाटलं निदान 'अरेरे' तरी म्हणतील. उत्तर आलं, "आमच्याकडे असं कधी होतच नाही." हे वाक्य लक्षात ठेवा, याच्यावर मी परत येणारे.

त्या 28 दिवसांत दवाखान्याच्या बाकावर बसून बसून मला या जगाचं वेड लागलं. आणि मी काय केलं, तर मावसभाऊ करायला निघालाय अगदी तेच. दोन वीकेंडचा कोर्स, 18 हजार रुपये, शेवटी सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट. आम्ही अकरा जण आणि पूडल एक. बिचाऱ्याच्या अंगावर अकरा जणांच्या वाट्याला येतील एवढे केसच नव्हते. प्रत्येकाने पंधरा मिनिटं मशीन फिरवलं, बाकी सगळं स्लाइडवर. ब्लेडचे नंबर पाठ झाले, 10 नंबर म्हणजे केस साधारण दीड मिलिमीटर राहतात, 7 नंबरने तीन मिलिमीटर, वगैरे. पण तेच 10 नंबरचं ब्लेड पाच मिनिटं सलग चालवलं की तापतं आणि पोटाच्या कातडीला चटका बसतो, ते मधेमधे आपल्या मनगटाला लावून बघायचं असतं, हे स्लाइडवर नव्हतं. सर्टिफिकेट अजून आहे, आईने कपाटाच्या ड्रॉवरमध्ये तळाला अंथरलंय.

शिकले ते नंतर, कोथरूडला एका मॅडमकडे. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. दीड खोलीचं दुकान, बोर्डही धड नाही. मी सर्टिफिकेट दाखवलं, त्यांनी ते वाचलं, परत दिलं आणि म्हणाल्या, "छान. अँटी-रेबीजचे डोस घेऊन ये, मग झाडू कुठे आहे ते दाखवते."

रेबीजचं सांगते, कारण या लाइनमध्ये येणाऱ्या दहातल्या नऊ मुलांना हे माहीतच नसतं. कुत्रं चावल्यावर इंजेक्शन घ्यायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ज्यांचं कामच कुत्र्यांशी आहे त्यांनी चावायच्या आधीच घ्यायचं असतं. मला तीन डोस दिले, पहिल्या दिवशी, मग 7व्या आणि मग 21व्या. दवाखान्यात सिस्टरनी विचारलं कुठे चावलं, मी म्हटलं अजून नाही, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं ना. आणि हे डोस घेतले म्हणजे आपण अमर झालो असं नाही हां. चावलं की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचीच (घड्याळ लावून, पंधरा मिनिटं फार मोठी असतात) आणि परत दोन डोस घ्यायचेच, त्याच दिवशी आणि मग तीन दिवसांनी. आधी घेतलेले असले की एवढ्यावर भागतं, महागडं सीरम लागत नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की मग माणूस वाचत नाही म्हणूनच समजा, त्यामुळे इथे 'बघू पुढे' नाही. मावसभावा, तुझ्या इंटरनॅशनल कोर्सवाल्यांना पहिला प्रश्न हा विचार, की कुत्र्याला हात लावायच्या आधी आम्हाला लस घ्यायला सांगता का. 'आमची कुत्री चावत नाहीत' असं उत्तर आलं तर ते पैसे घेऊन गोव्याला जा.

पहिले तीन आठवडे मी केस झाडले आणि टॉवेल धुतले. मला खूप राग यायचा, पोस्ट ग्रॅज्युएट बाई आणि हिला झाडू. नंतर कळलं की झाडताना मी बघत होते. कुत्रं दारातून आत येताना शेपूट कुठे आहे, जीभ ओठांवरून फिरवतंय का, झोप आलेली नसताना जांभई देतंय का, मान न वळवता नुसती बुबुळं फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवतंय का. ही सगळी 'मला भीती वाटतेय, थांबा' अशी वाक्यं आहेत. गुरगुरणं हे त्यातलं जवळजवळ शेवटचं वाक्य. आणि लोक गुरगुरल्याबद्दल फटका देतात! मग कुत्रं ते वाक्य बोलायचंच सोडून देतं आणि एक दिवस थेट चावतं, आणि मालक म्हणतात अचानक चावला हो, काही कारण नसताना.

मग आंघोळ. मग वाळवणं, आणि वाळवणं हा अर्धा धंदा आहे, हे कोणी सांगत नाही. हस्की, पॉम, गोल्डन, यांना केसांचे दोन थर असतात, वरचा जाड आणि आतला लोकरीसारखा. आतला थर ओला राहिला की पुण्याच्या जुलैमध्ये तिथे चार दिवसांत बुरशी. त्याच्यासाठी तो मोठा ब्लोअर असतो, आवाज मिक्सर आणि स्कूटर एकत्र सुरू केल्यासारखा. कुत्र्याला त्या आवाजाची सवय करायला कधीकधी तीन-चार वेळा नुसतं बोलवावं लागतं, आधी लांबून आवाज, खाऊ, घरी जा. याचे पैसे मॅडम घेत नाहीत. मी त्यांना अनेकदा सांगितलं घ्या म्हणून.

आणि हो, कृपा करून उन्हाळा आला म्हणून हस्कीचं टक्कल करू नका. ते केस ऊन अडवतात, थंडीसारखेच उन्हालाही ते आडवे येतात. विंचरून सुटलेली लोकर काढली की हवा खेळते, तेवढं पुरतं. भादरल्यावर केस परत आले तर येतात ठिगळं ठिगळं. मे महिन्यात रोज एक तरी माणूस येतो, "पूर्ण काढून टाका, गरम होतंय त्याला." मॅडम नाही म्हणतात. माणूस चिडतो, पुढच्या दुकानात जातो, तिथे काढून मिळतं.

त्यांचं हे 'नाही' ऐकून ऐकून माझं शिक्षण झालं असं म्हटलं तरी चालेल. एक पग आला होता, असाच मे, दुपारचे दोन. बाहेरून आल्या आल्या घरघर, जीभ बाहेर, कडेने जांभळट. मालकाला चारला फ्लाइट होती, म्हणाला पटकन बाथ देऊन पेटीत ड्रायर लावून ठेवा, ड्रायव्हर येऊन नेईल. मॅडमनी त्याला आधी पंख्याखाली बसवलं, पाय ओले केले, पाणी दिलं आणि मालकाला सांगितलं आज बाथ नाही, हा आधी दवाखान्यात जाणार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो, आणि पगला आपण माणसांनी नाकच ठेवलेलं नाही धापा टाकायला. अशाला बंद पेटीत गरम हवा सोडली तर काय होईल ते मला लिहायचंही नाही. मालक खूप बोलला, पैसेही मिळाले नाहीत. दोन तासांनी मॅडम मला म्हणाल्या, "बघ, आपल्याकडे आज काहीच झालं नाही. हेच काम."

आता माझं. हे लिहू की नको असा विचार करत होते पण मग बाकीचं लिहिण्याला अर्थ नाही.

आठव्या महिन्यात एक शिट्झू आली, कुकी. पुण्यात सध्या दर तिसरं कुत्रं शिट्झू आहे, आणि त्यांचे केस माणसासारखे वाढत राहतात, रोज विंचरले नाहीत की जटा होतात. मालकीण वरवर ब्रश फिरवायच्या, वरून कुत्रं एकदम कापसाचा गोळा, पण कंगवा मुळापर्यंत घातला की अडकला. (घरी करून बघा, ब्रशने नाही, स्टीलच्या कंगव्याने, कातडीपासून टोकापर्यंत. बहुतेकांचा अडकतो.) कानामागे लिंबाएवढी जट. आणि मी कात्री घेतली. जटेत कातडीही ओढली जाते, वर उचलली जाते, केस कुठे संपले आणि कातडी कुठे सुरू झाली ते बोटांनाही कळत नाही. म्हणून जटेला कात्री लावायची नसते, कधीच नाही, मशीनचं ब्लेड कातडीलगत सपाट धरून खालून काढायची. मला हे माहीत होतं! पाठ होतं! पण घाई होती, पुढचं कुत्रं येऊन बसलं होतं, आणि मला वाटलं एवढीशीच तर आहे.

कुकी ओरडली नाही, नुसती दचकली. मग रक्त. कानाच्या कडेला रक्त फार येतं आणि कुत्रं डोकं झाडतं, भिंतीवर, माझ्या चष्म्यावर, सगळीकडे. मॅडमनी गॉज दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन मला दिला, "लाव." मी म्हटलं आधी रक्त थांबू दे. "आधी लाव." मी मालकिणीला सांगितलं, ताई, माझ्या हातून कुकीच्या कानामागे कापलं गेलंय, आम्ही आत्ता दवाखान्यात निघालोय, पत्ता पाठवते. माझा आवाज इतका थरथरत होता की त्यांना दोनदा सांगावं लागलं. तीन टाके पडले. पैसे मॅडमनी भरले, माझ्या पगारातून कापले नाहीत, पुढचे दोन महिने कात्री मात्र माझ्या हातात दिली नाही. त्या ताई परत कधी आल्या नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही आले नसते.

दुकानात एक वही आहे, साधी शाळेची, दोनशे पानी. तारीख, कुत्र्याचं नाव, काय झालं, कशामुळे, काय केलं. नख जास्त कापलं गेलं, रक्त आलं, पावडर लावली. कानात पाणी गेलं. शाम्पू डोळ्यात गेला. कुकीचं पान माझ्या अक्षरात आहे. मॅडमच्या स्वतःच्या अक्षरातलीही पानं आहेत, वीस वर्षं काम केलेल्या बाईची. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला ती वही वाचायला देतात.

म्हणून काकू, आणि बाळा तू पण, कुठेही गेलात तरी एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे शेवटचं काय चुकलं होतं आणि तेव्हा तुम्ही काय केलंत? जिथे जिवंत जनावरं आहेत तिथे काहीतरी चुकतंच. ज्याला उत्तर देता येतं त्याच्याकडे वही असते, कागदावर नाहीतर डोक्यात तरी. 'आमच्याकडे असं कधी होतच नाही' म्हणणारा एकतर कालच सुरू झालाय नाहीतर तो तुम्हाला फोन करणार नाहीये.

बाकीचं त्याच्या मागोमाग कळतंच. रात्री तिथे कोण झोपतं, हे विचारा, संध्याकाळी सातला कुलूप लावून जाणारी बोर्डिंगं आहेत. गेटला दोन दारं आहेत का, म्हणजे एक उघडलं तरी दुसरं बंद, कारण दिवाळीत पहिल्या सुतळी बॉम्बला घाबरलेलं कुत्रं काय वेगाने पळतं ते बघितलं नसेल तर बरंच आहे. जवळचा दवाखाना कोणता, रात्री उघडा असतो का. माजावर आलेली मादी असेल तर कुठे ठेवता. आणि आत जाऊन वास घ्या, फिनेलचा नाही, मुताचा नाही, नुसता कुत्र्यांचा वास आला पाहिजे. स्विमिंग पूल असला काय नसला काय, ब्रूनो आठ दिवस पोहायला चाललेला नाही. दिवाळीच्या आधी एक दिवस, एक रात्र ठेवून बघा. जाताना त्याचं रोजचंच खाणं द्या, तिथलं नवीन खाऊन जुलाब होतात आणि मग सगळे ताणात येतात, आणि तुमची एखादी वापरलेली, न धुतलेली चादर द्या. हो काकू, न धुतलेली.

घरात मांजर असेल तर आणखी एक. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडाच्या काही थेंबांमध्ये पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे, जिवावर बेततं. कुत्र्यासाठी आणलेली बाटली 'थोडीशी मनीला पण' असं करू नका, आणि ग्रूमरलाही करू देऊ नका.

औषधांवरून आठवलं, हे मावसभावासाठी जास्त. तू परवा म्हणालास की कोर्स केला की मी ॲनिमल डॉक्टरसारखाच झालो ना. नाही झालास. जनावरांचा डॉक्टर व्हायला बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं, 'नीट' परीक्षा द्यावी लागते, मग साडेपाच वर्षांचं बी.व्ही.एस्सी., त्यात इंटर्नशिप आली. महाराष्ट्रातली सरकारी व्हेटर्नरी कॉलेजं नागपूरच्या माफसूखाली, म्हणजे पशुवैद्यकीय विद्यापीठाखाली येतात, परळचं कॉलेज तर 1886 पासून आहे. आणि त्यानंतर व्हेटर्नरी कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन, 1984 चा कायदाच आहे त्यासाठी. ग्रूमर व्हायला मात्र आपल्याकडे काही लागत नाही. शॉप ॲक्ट काढलं, टेबल मांडलं, झालं. हे आपल्याला सोपं वाटतं पण याचा अर्थ असा की तुला अडवणारं कोणी नाही, तुझं तुलाच अडवायचंय.

काही ग्रूमर टेबलावरच गोचिडाचं इंजेक्शन टोचतात, दोनशे रुपयांत, मालकांनाही बरं वाटतं, दवाखान्याची चक्कर वाचली. त्यात बहुतेकदा आयव्हरमेक्टिन असतं. कॉली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये एक जनुकीय दोष असतो, त्यांच्या मेंदूत ते औषध शिरतं आणि झटके येतात, आंधळं होतं, कोमात जातं. समोरचं कुत्रं अर्धं कॉली आहे का, हे टेबलावर उभं राहून तुला कळणारे का? मला नाही कळत. म्हणून मला गोचीड दिसली की मी फोटो काढून मालकाला पाठवते आणि म्हणते डॉक्टरकडे जा. तेच झोपेच्या औषधाचं. चावरं कुत्रं आहे, गोळी देऊन केस कापा म्हणणारे रोज भेटतात. भूल डॉक्टरसमोर, दवाखान्यात, बाकी कुठेही नाही.

ट्रेनर व्हायचं म्हणत असशील तर तिथे अजून गोंधळ. 'कुत्र्याला दाखवून द्यायचं बॉस कोण आहे ते' म्हणत चोक चेन, म्हणजे गळा आवळणारी साखळी, ओढणारे अजून आहेत आणि हजारोंनी घेतात. हे अल्फा प्रकरण, म्हणजे कळपाचा एक बॉस असतो हे, आलं लांडग्यांवरून. 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं, की ते मारामाऱ्या करून पहिला नंबर ठरवतात. ते लांडगे एका कुटुंबातले नव्हते, पिंजऱ्यात एकत्र टाकलेले. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी तोच 'अल्फा' शब्द लोकांपर्यंत पोचवला, आणि मग मोकळ्या लांडग्यांसोबत अनेक उन्हाळे काढल्यावर 1999 मध्ये त्यांनीच लिहिलं की अहो, जंगलातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं, त्यात अल्फा-बिल्फा काही नसतं. बघा, जगातला एवढा मोठा लांडगेवाला माणूस जाहीरपणे म्हणतो माझं चुकलं, आणि आपल्या इथला ट्रेनर म्हणतो मॅडम पंचवीस वर्षं मी असंच करतोय.

पैशांचं विचारलं होतंस. पहिलं वर्ष हिंजवडीच्या पगाराच्या निम्मेही नव्हते. आता बरे आहेत, पण मे आणि दिवाळीला जेवायला वेळ नाही आणि श्रावणात पावसामुळे गिऱ्हाईकच नाही, असं चालतं. कंबर दुखते, तिशीतच. केस नाकात जातात, डब्यात जातात, आई माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवते. आणि कधीकधी म्हातारी कुत्री येतात, पंधरा वर्षांची, उभं राहता येत नाही, मालकाला फक्त शेवटचं एकदा नीट स्वच्छ करून हवं असतं, ते काम मॅडम मलाच देतात हल्ली. त्याबद्दल आज नको.

काकूंचा काल परत फोन आला. मी सांगितलेल्या दोन जागा बघून आल्या. पहिली त्यांना फार आवडली, चहा दिला, ब्रूनोला हार घातला. दुसरीकडे म्हणे मुलगी फारच आगाऊ, "आम्हालाच प्रश्न विचारत बसली, शेवटची लस कधी, दुसऱ्या कुत्र्यांशी भांडतो का, फटाक्यांना काय करतो, औषधं कुठली, तुमचा फोन लागला नाही तर दुसरा कोणाचा लावायचा. आणि कार्डावरची तारीख उलटून गेलीये म्हणून बुकिंगच घेतलं नाही, लस देऊन या म्हणाली." मी म्हटलं काकू, आजच डॉक्टरकडे जा आणि उद्या तिथेच बुक करा, तिच्याकडची जागा दिवाळीत लवकर भरते.

मावसभाऊ सोमवारी नऊला येतोय, मॅडमशी बोलले आहे. पहिला डोस त्याने घेतला. बाळा, कॉटनची पँट घालू नकोस, छोटे केस सुईसारखे आत घुसतात आणि मग दोन दिवस चालता येत नाही. नायलॉनची ट्रॅक पँट घाल, आणि झाडू दाराच्या मागे असतो.